'ती' ते 'मी'

'मास इफेक्ट' (२००७) या व्हिडिओ गेममधील 'आय रिमेंबर मी' हे उपकथानक बंदुकीवर नव्हे, संवादावर चालते. मिंडॉर वसाहतीतून गुलामांच्या व्यापाऱ्यांनी लहानपणी पळवलेली तालिथा १३ वर्षांनी सुटली आहे. हातातले पिस्तूल ती स्वतःवरच चालवील अशी भीती आहे. स्वतःविषयी ती 'ती' म्हणूनच बोलते. खेळाडूने घाई केली तर सारे संपते. धीराने बोलत राहिल्यास अखेरीस एका अडखळत्या वाक्यात 'मी' उमटतो. तगणे म्हणजे केवळ सुटका नव्हे, हरवलेला प्रथमपुरुष परत मिळणे होय, हे इथे व्याकरणच सांगते.

मात्र नायक मिंडॉरचाच निवडला असेल, तरच हा प्रसंग खेळात येतो. समदुःखी असल्याखेरीज दुःख भेटूच नये, ही अट मला खटकते. वाचक म्हणून आपण तर परक्याचेच दुःख ऐकायला बसतो ना?