वेलांटी राहू द्या, तारीख लिहा

माझा तुमसरला छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तूची निमंत्रणं, निवडणूक आली की पत्रकं. पूर्वी गिऱ्हाईक कागद घेऊन यायचं, समोरच्या बाकावर बसायचं. मी विचारायचो, ते सांगायचं. आता मजकूर मोबाइलवर येतो, तोही बहुतेक रात्री: "भाऊ, मजकूर टाकलो, पाहून घ्या." त्यामुळे आपल्या भागातले लोक मोबाइलवर कसं लिहितात, हे मला जरा जास्तच जवळून दिसतं. आणि त्या लिहिण्याला जे सरसकट अशुद्ध म्हणतात, त्यांच्याशी माझं पटत नाही.

प्रत्येक गावच्या ग्रुपवर शुद्धलेखनाचे एक फौजदार असतात. कुणी शेतकरी विचारतो, "बावनथडीचं पानी कधी सुटनार?" पाण्याचं उत्तर कुणाकडेच नसतं, पण "पाणी. सुटणार. ण बाणातला" हा मेसेज तत्काळ येतो. वर लाल फुली. शेतकरी त्या ग्रुपवर पुन्हा काही विचारत नाही. फौजदारांना वाटतं, मराठी वाचली.

आपल्या भागातल्या झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. डोळ्याचा डोरा होतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ही बोली गावोगाव फिरून अभ्यासली, तिचा कोश केला. तेव्हा 'पानी' लिहिणारा माणूस चुकत नसतो, तो जसं बोलतो तसं लिहीत असतो. दोन ओळींच्या निरोपाला एवढं पुरे.

बरं, शुद्ध म्हणजे तरी कधीचं शुद्ध? माझ्या वडिलांच्या काळच्या पत्रिका अजून कपाटात आहेत. 'आमचे येथें श्रीकृपेंकरून', 'कांहीं', 'नाहीं', जिथे तिथे अनुस्वार. तेव्हा ते न देणारा अडाणी ठरायचा. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले, पुढे १९७२ मध्ये आणखी चार जोडून ते अठरा झाले, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. आता ते देणारा चुकतो. आणि मागे जायचं तर मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच पाळत नसत, शब्द सुटे लिहीत नसत, विरामचिन्हं तर नव्हतीच. ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीसाहेबांच्या खटपटीने मराठीत रुळली. अशा लिपीत मराठ्यांनी राज्य चालवलं, सावकारी केली, सोयरिकी जमवल्या. कारण पत्राला मायना होता. कोणी, कोणाला, कोणत्या तिथीला, कुठून लिहिलं, हे ठरलेल्या जागी येत असे.

आपल्या मेसेजांत नेमका हा मायना गेला आहे. वेलांटीच्या नावाने गळा काढणाऱ्यांना तो गेलेला दिसत नाही, कारण त्यांनी लाल पेन फक्त वेलांटीसाठी उघडलेला असतो.

धानाच्या बोनसचंच घ्या. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने हेक्टरी १५ हजार जाहीर केले, २०२३ च्या डिसेंबरात २० हजार, दोन्ही वेळा दोन हेक्टरच्या मर्यादेत. दोन्ही बातम्या खऱ्या. पण मेसेजवर साल नसतं, म्हणून दोन्ही अजून फिरतात, आणि खरेदी केंद्रावर माणूस मोबाइल पुढे करून भांडतो. "नोंदणीची मुदत ३१ पर्यंत वाढली" हा मेसेज तर अमर आहे. महिना नाही, वर्ष नाही. तो दर हंगामात नव्याने जन्म घेतो, आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नसते.

पावसाळ्यात हे जिवावर बेततं. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात पाणी शिरलं. तेव्हापासून नदी जरा फुगली की "धरणाचे दरवाजे उघडले" सुरू होतं. कोणतं धरण? मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले तर ते पाणी आपल्याकडे यायचं असतं. गोसेखुर्द आपल्या खाली आहे. त्याचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडले तर भंडाऱ्याकडचं तुंबलेलं पाणी उतरायला मदतच होते. एका बातमीत सामान माळ्यावर चढवायचं, दुसरीत चहा मांडायचा. मेसेज मात्र एकच, आणि तो किती वाजताचा हे लिहिलेलं नाही. 'उघडले'तला 'उ' ऱ्हस्व की दीर्घ, असा प्रश्न फौजदारांनी त्याही वेळी काढला असता, तर मला नवल वाटलं नसतं.

जागेचंही तेच. आमच्या तालुक्यात "डोंगरीला या" म्हटलं तर माणूस नाकाडोंगरीला जाईल की डोंगरी बुजुर्गला? "तुमसर स्टेशनवर उतरा" म्हटलं तर पुण्याहून येणारा पाहुणा गोंधळणारच. हावडा लाइनवरचं तुमसर रोड स्टेशन आहे देव्हाडीला, आणि गावातलं तुमसर टाउन तिरोडीकडे फुटणाऱ्या लाइनवर. म्हणून पत्रिकेवर 'देव्हाडी' हा शब्द मी न सांगता घालतो.

एक गोष्ट फौजदारांच्या बाजूची. विरामचिन्हं मला हवीत. "बारदाना आला का नाही आला तर गाडी थांबवा" हे वाक्य तीनदा वाचावं लागतं. 'का'पुढे प्रश्नचिन्ह द्या, लगेच कळतं. बोलून टाइप करायची सोय झाल्यापासून ही चिन्हं पारच गेली. तसंच रोमन अक्षरांतलं मराठी मला सोसत नाही. एकाच स्पेलिंगातून काळेही निघतो आणि कालेही. व्याह्यांचं आडनाव अंदाजाने छापून कसं चालेल?

आणि छापायचं असेल तर नियम पाळलेच पाहिजेत. माझ्या टेबलावर अरुण फडके यांचा लेखन-कोश असतो, पानं सुटायला आली आहेत. पाटी, पुस्तक, पत्रिका, शाळेचा फलक हे पोरं वाचून शिकतात. तिथे 'पानी' चालणार नाही. ज्याच्या सहीवर लोकांची कामं अडतात, त्याने तर लिहायला शिकलंच पाहिजे. पण खुर्चीतून येणारं लिहिणं बघा: "संबंधितांनी विहित मुदतीत आवश्यक कागदपत्रांसह उपस्थित राहावे." वेलांटी-उकार जागच्या जागी. कोण संबंधित? मुदत कधीची? कागद कोणते? हजर राहायचं कुठे? यातलं एकही उत्तर नाही. ही सूचना वाचून बाई सात-बारा, आधार, बँकेचं पासबुक, सगळं पिशवीत भरून शहरात येते आणि रेशनकार्ड घरी राहिलं म्हणून परत जाते. तिने ग्रुपवर "सोमवारी तिन वाजता तहसिलीत या रासनकाड घेउन" असं लिहिलं, तर फौजदार तिच्या चुका मोजतील. मला विचाराल तर खुर्चीतला साहेब आणि ती, या दोघांपैकी तिलाच लिहिता येतं. दिवस, वेळ, जागा, कागद, सगळं एका ओळीत आहे.

ग्रुपचे ॲडमिन असाल तर एवढं करा. साल नसलेली मुदत आणि धरणाचं नाव नसलेला दरवाजा ग्रुपवर राहू देऊ नका, आणि 'पानी' विचारणाऱ्याला पाण्याचंच उत्तर द्या. लग्नाच्या हंगामात मजकूर पाठवणाऱ्यांनाही सांगतो. झाडीत लिहा, हिंदी मिसळा, वेलांट्या माझ्यावर सोडा. फक्त नावं देवनागरीत टाका, तारखेसोबत वार आणि साल टाका, आणि मी प्रूफ पाठवलं की ते घरातल्या दोघांनी वाचून 'बरोबर आहे' असं अक्षरात कळवा. नुसत्या अंगठ्यावर मी पत्रिका छापत नाही.