विश्लेषण : पहिलीच चाल बी४… काळ्या मोहऱ्यांकडे उत्तर काय?

अमरावतीच्या स्वप्निल धोपाडे यांनी ग्रँडमास्टर किताब मिळवला. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हम्पीला नमवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. साहजिकच अमरावती-अकोल्यात मुलांना बुद्धिबळाच्या वर्गाला घालणारे पालक आता पाठांतराच्या वह्याही सांभाळतात. त्या वह्यांत ई४ला सिसिलियन, डी४ला स्लाव्ह असे सगळे असते. समोरच्याने बी४ किंवा जी४ खेळले की वही पहिल्याच चालीला संपते.

पणाला काय लागते?

‘फिडे’च्या नियमानुसार १८ वर्षांखालील आणि २३०० पेक्षा कमी गुणांकनाच्या खेळाडूसाठी गुणक ४० असतो. बरोबरीच्या खेळाडूकडून हरल्यास २० गुण जातात. १७००च्या मुलाने १५००च्या मुलाकडून हार पत्करली तर सुमारे ३०. मार्च २०२४ पासून किमान गुणांकन १४०० झाले आहे. त्याच्या जरा वर असलेल्या मुलांना असे दोन पराभव पुन्हा तळाशी नेऊ शकतात.

बी४ खेळणे चूक आहे का?

नाही. सावियेली टार्टाकोवर यांनी १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत गेझा मारोत्सी यांच्याविरुद्ध ही चाल खेळली. त्याआधी ते प्राणिसंग्रहालयात ओरांगउटान पाहून आले होते, म्हणून या सुरुवातीला त्याचेच नाव पडले. संगणकाचे मत असे की, पांढऱ्याचा आरंभीचा थोडासा वरचष्मा जातो आणि डाव बरोबरीत येतो. म्हणजे काळ्याला फुकट काही मिळालेले नाही. मुले फसतात ती इथेच. ‘विचित्र चाल, म्हणजे याला लगेच धडा शिकवू’ या आवेशात वजीर लवकर बाहेर येतो.

मग उत्तर काय?

सरळ ई५. मध्य ताब्यात येतो आणि एफ८च्या उंटाचा बी४वर रोख बसतो. पांढऱ्याने उंट बी२वर आणला की काळ्याने बी४चे प्यादे घ्यावे, पांढरा ई५ घेईल, मग घोडा एफ६. पांढऱ्याला कडेच्या प्याद्याच्या बदल्यात मधले प्यादे मिळाले, हे खरे. पण काळ्याचा उंट आणि घोडा बाहेर आहेत, पुढच्याच चालीला कॅसलिंग होऊ शकते आणि ई५वरच्या उंटाला डी६ने हाकलता येते. ही देवाणघेवाण नको असेल त्याने दुसऱ्या चालीला डी६ खेळून ई५ला आधार द्यावा. तेही भक्कम आहे.

जी४चे काय?

ही चाल खरोखर कमकुवत आहे, पण तिच्यात सापळा आहे. काळा डी५ खेळतो, पांढरा उंट जी२वर आणतो. काळ्याच्या उंटाने जी४चे प्यादे घेतले की पांढरा सी४ खेळतो. आता डी५च्या प्याद्याने सी४ घेण्याचा मोह होतो. तसे केले की जी२च्या उंटाचा कर्ण मोकळा होतो, बी७चे प्यादे जाते आणि त्यामागचा ए८चा हत्ती माऱ्यात येतो. त्याऐवजी सी६ खेळून डी५ला आधार द्यावा. घाई नसेल तर जी४चे प्यादे न घेता आधीच सी६ खेळावे.

विश्वविजेतेही गोंधळतात?

१९८० मध्ये स्वीडनमधील स्कारा येथे अनातोली कार्पोव्ह पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होते. टोनी माइल्स यांनी ई४ला चक्क ए६ आणि मग बी५ असे उत्तर दिले, आणि विश्वविजेते कार्पोव्ह हरले.

घड्याळाचे गणितही पाहावे. ९० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद अशा डावात दुसऱ्या-तिसऱ्या चालीला पाच मिनिटे खर्च करणे परवडते. मुले मात्र तिथेच झटपट खेळतात आणि वीस चालींनंतर विचार करत बसतात. वर्गात महिन्यातून एखादा दिवस पहिली चाल चिठ्ठी टाकून ठरवावी. त्याला पुस्तक लागत नाही, शुल्कही नाही.