अम्मींचे मशीन आणि गाडीचे टायर

अम्मींच्या कानाला मशीन लागून दोन वर्षे झाली. घरात सगळे ठीक चालते. पण गाडीत बसल्या, की मोहोळ यायच्या आत त्या मशीन काढून पर्समध्ये ठेवायच्या आणि पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत गप्प बसायच्या. डोळ्यांच्या तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी आम्हाला पुण्याला जावे लागते. अडीचशे किलोमीटर जायचे, अडीचशे यायचे. आम्हाला वाटायचे, त्यांना झोप येत असेल. गेल्या डिसेंबरात इंदापूरजवळ चहाला थांबलो, तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "गाडीत कानात भुंगा शिरल्यासारखं होतं बेटा. तुम्ही काय बोलता ते कळत नाही. नुसतं घूं घूं."

तो घूं घूं आवाज आम्हालाही ऐकू येत होता. साठच्या पुढे गेले, की सुरू व्हायचा आणि वेग वाढेल तसा वाढायचा. आम्ही त्यावर एक उपाय शोधला होता. नातची कॅसेट म्हणा वा मोबाइल म्हणा, त्याचा आवाज वाढवायचा. अम्मींच्या मशीनला ही सोय नव्हती. मशीन बोलणे मोठे करते, तसा तो भुंगाही मोठा करते. सेडानमध्ये मागच्या सीटवर मागच्या चाकांचा आवाज सगळ्यात जास्त येतो, आणि घरातल्या मोठ्या माणसांना आपण आदराने मागेच बसवतो.

सोलापूरला परतल्यावर ठरवले, टायर बदलून टाकू. पण होटगी रोडवरचे आमचे ओळखीचे मिस्त्री म्हणाले, "आधी चक्कर मारू, मग पैशाचं बोलू." त्या एका चकरेत आम्ही जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

घोंघावणारा प्रत्येक आवाज टायरचा नसतो. ॲक्सिलरेटर सोडून गाडी नुसती सरपटू दिली आणि आवाज एकदम बदलला, तर इंजिन किंवा गिअरकडे बघावे. गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुकवताना आवाज कमी-जास्त झाला, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर. आणि खडबडीत डांबरावरून गुळगुळीत रस्त्यावर येताच आवाजाची जात बदलली, तर तो बहुतेक टायरचाच. आणखी एक स्वस्त परीक्षा आहे. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून बघायचे. आवाज टायरबरोबर जागा बदलून गेला, तर चोर सापडला. आमचा आवाज मागून पुढे आला.

मग मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली आणि आमचा तळहात टायरच्या नक्षीवरून फिरवायला लावला. एका दिशेने हात गुळगुळीत गेला. उलट दिशेने फिरवला, तर करवतीचे दात लागावेत तसे रबराचे ठोकळे हाताला अडले. मध्ये मध्ये खळगेही होते. टायर सारखा झिजला, तर नक्षीचे ठोकळे रस्त्याला एकसारखे टेकतात. असे दात पडले, की प्रत्येक ठोकळा रस्त्यावर चापट मारत जातो, आणि हजारो चापटांचा मिळून भुंगा होतो. टायर बनवणारे तर ठोकळे मुद्दाम लहानमोठे ठेवतात, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच सूर लागू नये. वेड्यावाकड्या झिजण्याने ती सगळी मेहनत वाया जाते.

"पण असा का झिजला?" आम्ही विचारले. मिस्त्रींनी गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर जोर देऊन ती खाली दाबली आणि सोडली. चांगली गाडी एकदा वर येऊन शांत होते. आमची पाळण्यासारखी झुलत राहिली. मागचे दोन्ही शॉकअब्जॉर्बर गेले होते. चाक रस्त्यावर टेकून चालण्याऐवजी उड्या मारत चालले होते, म्हणून टायरला खळगे पडले. नुसते टायर बदलले असते, तर नव्या टायरचीही काही महिन्यांत तीच गत झाली असती आणि आम्ही टायरच्या कंपनीला बोल लावला असता.

खरा धक्का यापुढे होता. गाडी आम्ही तीन वर्षांपूर्वी जुनी घेतली. देणारे गृहस्थ म्हणाले होते, "टायर नवेच आहेत, बघायला नको." नक्षी खोल दिसत होती, आम्ही विश्वास ठेवला. मिस्त्रींनी टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी कोरलेले चार आकडे दाखवले. पुढच्यांवर 2316 आणि मागच्यांवर 0817. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे एक जोडी 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यातली आणि दुसरी 2017 च्या आठव्या. टायर नऊ-साडेनऊ वर्षांचे होते. रबर न वापरताही म्हातारे होते, कडक होते, नक्षीच्या तळाशी बारीक चिरा पडतात. कडक रबर जास्त आवाज करते आणि पावसात रस्ता कमी धरते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही शिल्लक असली, तरी दहा वर्षांपुढे वापरू नये, असे टायर उत्पादकच सांगतात. मिस्त्री आपल्या भाषेत म्हणाले, "टायर नक्षी बघून घ्यायचा नसतो, जन्मतारीख बघून घ्यायचा."

कायदा नक्षीची खोली बघतो. कारसाठी ती निदान 1.6 मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या उंचवट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायरचे आयुष्य संपले. समृद्धी महामार्गावरच्या अपघातांनंतर 2023 मध्ये परिवहन विभागाने तिथे टायर तपासण्याची मोहीम घेतली आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या रोखल्या. चांगले काम झाले. पण आमची गाडी नक्षीवर तिथे पास झाली असती, हेही खरे.

आता नवे टायर घेताना काय पाहावे ते सांगतो. आमच्या टायरवर 185/65 आर 15 88 एच असे लिहिलेले आहे. 185 ही मिलिमीटरमध्ये रुंदी. 65 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के. आर म्हणजे रेडियल आणि 15 इंचांची डिस्क. 88 हा भाराचा क्रमांक, एका टायरला 560 किलो. एच ही वेगाची मर्यादा, ताशी 210 किलोमीटर. आम्ही कोण 210 ने जाणार! पण वेगाचे हे अक्षर टायर किती उष्णता सोसू शकतो हेही सांगते, म्हणून गाडीच्या कंपनीने दिलेल्या भाराच्या आणि वेगाच्या खाली उतरू नये. शोभेसाठी रुंद टायर टाकण्याचा मोहही टाळावा. रुंद टायर सहसा जास्त गोंगाट करतो आणि पेट्रोलही जास्त पितो.

दुकानात "शांत टायर दाखवा" एवढेच सांगावे. आरामदायी प्रवासाचे आणि जोरकस पकडीचे टायर वेगळे असतात, दुकानदाराला ते कळते. केंद्र सरकारने 2022 साली अधिसूचना काढून टायरचा रस्त्यावरचा आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि घरंगळण्यातला अडथळा यांना मर्यादा घालून दिल्या. जुन्या घडणीच्या टायरनाही त्या 2023 मध्ये लागू झाल्या. मात्र हा आवाज गाडीबाहेर मोजलेला असतो. आत किती येईल ते गाडी आणि रस्ता ठरवतात. नव्या टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल नीट वाचून घ्यावे. बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्यावेत आणि चारही टायरची जन्मतारीख बसवण्याआधी बघावी. बसवल्यावर हुज्जत घालून उपयोग नसतो.

खिशाला दोनच टायर झेपत असतील, तर नवे दोन मागे बसवावेत. आपल्याकडे रीत उलटी आहे, पण ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरले, तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरणे अवघड होते. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करावी. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करावी, म्हणजे झीज सारखी होते.

उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो. तेव्हा "हवा तापून फुगते, म्हणून थोडी कमीच ठेवा" असा सल्ला हटकून मिळतो. हा सल्ला घातक आहे. हवा कमी असली, की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि तापून फुटते. वर गाडीत सहा माणसे आणि डिकीत ईदचे सामान असेल, तर विचारूच नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचे स्टिकर वाचून, सकाळी टायर थंड असताना, तेवढीच हवा भरावी. स्टेपनीचीही.

चार टायर, दोन शॉकअब्जॉर्बर आणि बाकी कामे धरून तीस हजारांच्या आतबाहेर खर्च आला. खर्च मोठा होता, म्हणून जुन्या टायरचे काही येते का, हा विचार मनात आलाच. दुकानात एक टॅक्सीवाले भाऊ उभे होते. त्यांच्या गाडीचे माप तेच. टायर बघून ते लगेच म्हणाले, "साहेब, हे मला द्या. तीन हजार देतो. नक्षी तर भरपूर आहे की."

आम्ही टायरचे वय सांगितले, चिरा दाखवल्या, हातही फिरवायला लावला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ते ओले धान्य वर का ठेवले नाही, असे व्यापाऱ्याला विचारले. ही हकिकत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आम्हाला वाटले, ओले धान्य आपण वर ठेवले, आपली जबाबदारी संपली. पण ते भाऊ म्हणाले, "चालतंय हो. मला पासिंगपुरते पाहिजेत. पुढचं मी बघून घेतो."

घेणारा सगळे जाणून घेत होता आणि देणारा सगळे सांगून देत होता. तरी हात पुढे होईना. सौदा दोघांत झाला, तरी त्या गाडीत बसणार होते तिसरेच. कुणी पंढरपूरला जाणारे, कुणी पेशंट घेऊन निघालेले. त्यांना ना आकडे वाचता आले असते, ना त्यांना कुणी सांगितले असते. तीन वर्षे अम्मी अशाच तर बसल्या होत्या. आम्ही नको म्हटले. भाऊ नाराज झाले. "तुमचं काय जात होतं?" म्हणाले. त्यांच्यावर राग धरायचे आम्हाला कारण नाही. गाडीचा हप्ता आणि मुलांच्या फीचे गणित त्यांनाच ठाऊक. दुकानदाराकडून आम्ही समोर चारही टायरच्या भिंतीवर चीर पाडून घेतली आणि ते भंगारात दिले. चीर पाडल्याशिवाय देऊ नका, नाहीतर ते फिरून रस्त्यावर येतात. ते जाळूही नयेत, धूर विषारी असतो. गच्चीवर टाकले, तर पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.

उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सफरची दुआ पढल्याशिवाय आमची गाडी गल्लीतून हलत नाही. पण तीन वर्षे दोरी तपासायची राहिली होती, आणि ती कुरकुरत होती तेव्हा आम्ही मोबाइलचा आवाज वाढवत होतो.

गेल्या महिन्यात पुन्हा पुण्याला गेलो. टायरचा आवाज अजिबात नाही असे नाही, काँक्रीटवर थोडा येतोच. पण टेंभुर्णी मागे पडली, तरी मशीन अम्मींच्या कानातच होते. भिगवणच्या आसपास त्यांनी मागून विचारले, "ड्रायव्हिंग करताना इतकं बोलता तुम्ही दोघं? मला वाटायचं, तुम्ही भांडता म्हणून गप्प असता."

अल्लाह सर्वांचा सफर आसान करो. आमीन.