कॉम्प्युटर व्हिजनमध्ये पीएचडी : पण कशासाठी?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली आपली मुलं-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : कॉम्प्युटर व्हिजनमध्ये पीएचडी करू का? यंत्राला चित्र पाहून त्याचा अर्थ लावायला शिकवणारं हे शास्त्र. 2012 साली ‘अॅलेक्सनेट’ या मॉडेलने इमेजनेट स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकलं आणि तेव्हापासून या विषयाकडे ओढा वाढला. पण ‘करू का’ याचं उत्तर ‘कशासाठी’ यावर ठरतं.

चांगल्या पगारासाठी म्हणाल, तर पीएचडीची गरज नाही. तयार मॉडेल घेऊन नंबरप्लेट वाचणारा प्रोग्राम बनवणं आता नेहमीचं काम झालं आहे. माझ्यासारखे साधे बी.ई. झालेले लोक ते करतात. परदेशी जायचं असेल तर मास्टर्सचा रस्ता जवळचा. नावापुढे ‘डॉक्टर’ लागल्याने घरच्यांना आनंद होईल, पण प्रयोग सहा-सहा महिने फसत राहतात तेव्हा तो आनंद कामाला येत नाही.

आणखी एक हेतू आपल्याकडे खास आढळतो. ‘प्रकाशशास्त्र तर आपल्या इब्न अल-हैसमने दिलं!’ अभिमान रास्त आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी कैरोत त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ लिहिलं आणि डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसतं, ही जुनी समजूत खोडून काढली. पण त्यांचा खरा वारसा शंका घेण्याचा आहे. टॉलेमीसारख्या थोर पंडिताच्या चुका दाखवणारा वेगळा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यांच्या नावाचे मेसेज फॉरवर्ड करून हा वारसा चालत नाही.

मग टिकणारा हेतू कोणता? स्वतःचा प्रश्न. जॉय बुओलाम्विनी एमआयटीत शिकत असताना चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर त्यांचा काळा चेहरा टिपेना. पांढरा मुखवटा घातला तेव्हा टिपला. त्यांनी तक्रार करून सोडून दिलं नाही, मोजमाप केलं. टिमनित गेब्रू यांच्यासोबत 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत 34.7 टक्क्यांपर्यंत! त्या आकड्यांना कंपन्यांना उत्तर द्यावं लागलं.

असे प्रश्न आपल्या भोवतीही आहेत. हैदराबादमध्ये 2021 साली सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना पोलिसांनी रस्त्यात अडवलं, मास्क काढायला सांगितलं आणि फोटो काढले. त्यांनी चेहरा ओळखण्याच्या तंत्राला तेलंगणा उच्च न्यायालयात आव्हान दिलं. न्यायालयात वकील लागतोच. पण हे यंत्र कुठे, किती आणि का चुकतं, हे पुराव्यानिशी सांगणारा संशोधकही लागतो.

दुसरा प्रश्न लिपीचा. उर्दूच्या नस्तालीक वळणात अक्षरं एकमेकांत गुंततात, तिरकी खाली उतरतात, शेजारच्या अक्षरानुसार आकार बदलतात. म्हणून यंत्राला ती सुटी करणं जड जातं. मोडीचंही तसंच. जमिनीचे, इनामांचे जुने कागद मोडीत आहेत आणि ते वाचणारे हात कमी होत चालले आहेत. मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणाऱ्या तरुणाला हा प्रश्न दुसऱ्या कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

हेतूची दुसरी बाजूही पाहा. ‘योलो’ हे गाजलेलं तंत्र बनवणाऱ्या जोसेफ रेडमन यांनी 2020 साली कॉम्प्युटर व्हिजनचं संशोधन थांबवल्याचं जाहीर केलं. लष्करी वापर आणि लोकांच्या खासगीपणावरचं आक्रमण त्यांना सोसवेना. आपण बनवलेलं कोण वापरेल, हा प्रश्न प्रवेश घेतानाच विचारायचा आहे.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं. तो अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण दार पूर्ण बंद झालेलं नाही. 2023 पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना 37,000 रुपये आहे, पुढे 42,000. अनेक आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीत बी.ई.नंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. अब्बा रिक्षा चालवत असतील, धाकटी भावंडं शिकत असतील, तर पाच वर्षांचा हिशेब घरात उघडपणे मांडा. आणि हा हिशेब मुलीसाठीही मांडा. तिच्या बाबतीत लग्नाची घाई हे उत्तर असू नये.

मित्र-मैत्रिणींनो, अर्ज भरण्याआधी एक कोरा कागद घ्या. पाच वर्षं ज्याच्यामागे लागायचं तो प्रश्न साध्या मराठीत लिहा आणि अम्मीला वाचून दाखवा. तिला तो कळला आणि तुम्हाला त्याची झोप लागू देईना, तर बिनधास्त अर्ज करा. प्रश्न सुचलाच नाही तर नोकरी करा, वाचत राहा. तीही मेहनतीची आणि इज्जतीची वाट आहे.