कमी आकडा म्हणजे आजारी झाड नव्हे

‘विजेचा रोध कमी भरेल ते झाड पोखरलेले समजून तोडा’ ही गेल्या अंकातील पत्रलेखकाची सूचना वाचून अस्वस्थ झालो. अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात रोध मोजण्याची ही पद्धत रुळवली, हे खरे. खोडात बारीक भोक पाडून तार सरकवायची; रोध एकदम घसरला तर तिथे कूज असण्याची शक्यता. पण सालीखालच्या जिवंत थरात सुया टोचल्या, तर कमी रोध जोमदार वाढीची खूण असतो! म्हणजे एकच आकडा, जागा बदलली की अर्थ उलटा. शिवाय ओल आणि उष्णता वाढली की रोध उतरतो. आमच्या लिंबागणेशातल्या कडुनिंबाचे मे महिन्यातले आणि श्रावणातले माप कसे जुळणार? आणि ते भोक ही झाडाला जखमच.

मोजायचेच तर त्याच झाडाला, त्याच उंचीवर, त्याच महिन्यात, वर्षानुवर्षे मोजा. शेजारच्या त्याच जातीच्या झाडाशी ताडून पाहा. बीडजवळच्या पालवणला २०२० च्या वृक्षसंमेलनात वडाला अध्यक्षपद देणारा हा जिल्हा आहे. इथे एका आकड्यावर कुऱ्हाड चालवू नका.

– एक वाचक, लिंबागणेश (जि. बीड)