सिंह गेला, गड राहिला

अमेरिकेत कॉलेज आइस हॉकीचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो आणि एप्रिलमध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्याने संपतो. प्रशिक्षकांच्या खुर्च्यांचा मोसम मात्र त्याआधीच, मार्चअखेरीस लागतो. लहान गावातल्या एखाद्या कॉलेजचा संघ चार-पाच वर्षे सलग जिंकू लागला, की तिथल्या प्रेक्षकांना पुढच्या सामन्यापेक्षा वेगळाच घोर लागतो: आपल्या प्रशिक्षकाला कुठली मोठी शाळा पळवणार? (तिकडे विद्यापीठालाही सर्रास शाळाच म्हणतात.)

हा घोर अनाठायी नाही. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पहिल्या विभागात बास्केटबॉलचे पुरुष संघ साडेतीनशेहून अधिक आहेत. आइस हॉकीचे जेमतेम साठ-पासष्ट. त्यांतही पैसा, परंपरा आणि प्रेक्षक तिन्ही असलेली विद्यापीठे दहा-बारा. एवढ्या लहान बाजारात एक मोठी खुर्ची रिकामी झाली, की खालच्या तीन-चार खुर्च्या हलतात. मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा बोस्टन कॉलेजने मुख्य प्रशिक्षक बदलायचे ठरवले, की नावांची यादी करायला कुणाला रात्र जागवावी लागत नाही. कोण जिंकतो आहे आणि कुठे जिंकतो आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते.

माइक हेस्टिंग्ज यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मिनेसोटा राज्यातील मँकेटो हे पन्नास हजारांच्या आतले गाव. तिथल्या मिनेसोटा स्टेट विद्यापीठात ते २०१२ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. अकरा मोसमांत त्यांनी २९९ सामने जिंकले आणि २०२१ व २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षे संघाला अंतिम चौघांत नेले. २०२२ च्या अंतिम सामन्यात मँकेटोचा संघ दोन सत्रे संपली तेव्हा डेन्व्हरविरुद्ध १-० असा पुढे होता. तिसऱ्या सत्रात डेन्व्हरने पाच गोल केले आणि चषक हातातून गेला. पुढच्या वर्षी हेस्टिंग्ज तीनशेव्या विजयासाठी न थांबता विस्कॉन्सिनला गेले. विस्कॉन्सिनकडे सहा राष्ट्रीय जेतेपदे होती, पण शेवटचे २००६ चे; रिंक पंधरा हजार प्रेक्षकांचे, मँकेटोच्या साधारण तिप्पट. त्यांच्यामागून सहायक गेले, काही खेळाडूही गेले.

अशा वेळी गावातल्या चर्चेत पगाराचा आकडा पुढे येतो आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये. जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला लहान कॉलेजही बऱ्यापैकी पगार देते. करार वाढवते, मुदतीआधी गेल्यास भरपाईची अट घालते. ती भरपाई नवी शाळा विनातक्रार भरते, त्यामुळे त्या अटीने आजवर फारसे कुणी अडलेले नाही. लहान कॉलेजला परवडत नाहीत त्या पगाराबाहेरच्या गोष्टी. शुक्रवार-शनिवारच्या सामन्यांसाठी बर्फातून सात-आठ तास बसने जायचे की विमानाने, दोन सहायकांना घर चालवता येईल एवढे मानधन मिळते का, सोळा-सतरा वर्षांचा होतकरू मुलगा पालकांसह कॉलेज पाहायला आला तर त्याला दाखवायची खोली कशी आहे, असे हे प्रश्न असतात. त्या खोलीत खेळाडूंचे लाकडी कप्पे, वजनांची जागा, भिंतीवर एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये गेलेल्या माजी खेळाडूंची छायाचित्रे असतात. मुलगा ती छायाचित्रे मोजतो. प्रशिक्षक कितीही गोड बोलला तरी भिंत रिकामी असेल तर मुलगा दुसरीकडे जातो, आणि हे प्रशिक्षकाला दरवर्षी दिसत असते.

म्हणूनच घरची ओढही कधी कधी पुरी पडत नाही. बॉब मोट्झको स्वतः सेंट क्लाउड स्टेटचे माजी विद्यार्थी. २००५ पासून तेरा मोसम त्यांनी तिथेच घालवले. २०१८ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत अग्रमानांकित होता. पहिल्याच सामन्यात एअर फोर्स अकादमीच्या संघाने त्याला ४-१ असे हरवले. त्यानंतर काही दिवसांतच मोट्झको शंभरेक किलोमीटरवरच्या मिनेसोटा विद्यापीठात रुजू झाले. सेंट क्लाउडच्या चाहत्यांना हे जाणे बोचले असणार, कारण ते दूरदेशी नव्हे, शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडे होते. पण नवे प्रशिक्षक ब्रेट लार्सन यांच्या हाताखाली त्याच सेंट क्लाउडने २०२१ मध्ये प्रथमच राष्ट्रीय अंतिम सामना गाठला.

याहून ठळक दाखला न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजचा. विद्यार्थी सुमारे बावीसशे. जुन्या रिंकची आसनेही साधारण तेवढीच. खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची तेव्हा मुभाच नव्हती. नेट लीमन २००३ मध्ये तिथे आले आणि आठ मोसमांत त्यांनी हा संघ उभा केला. २०११ मध्ये युनियनला पहिल्या विभागाच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा जागा मिळाली आणि त्याच वर्षी लीमन प्रॉव्हिडन्स कॉलेजला गेले. तिथे शिष्यवृत्त्या होत्या, न्यू इंग्लंडातली तगडी लीग होती. युनियनचा बहर संपला, असे तेव्हा कुणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढण्याचे कारण नव्हते.

कॉलेजने बाहेर शोधाशोध न करता लीमन यांचे सहायक रिक बेनेट यांना बढती दिली. गंमत अशी की बेनेट स्वतः प्रॉव्हिडन्सचे माजी विद्यार्थी. म्हणजे एकाच्या कॉलेजात दुसरा गेला आणि दुसऱ्याच्या जागी पहिला बसला. २०१२ मध्ये युनियन अंतिम चौघांत पोहोचले. एप्रिल २०१४ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी मिनेसोटाचा ७-४ असा पराभव करून राष्ट्रीय जेतेपद पटकावले. बचावपटू शेन गॉस्टिसबेहर बर्फावर असताना त्या सामन्यात युनियनच्या खात्यात विरोधकांपेक्षा सात गोल जास्त जमा झाले. अंतिम सामन्यात असा हिशेब क्वचितच पाहायला मिळतो. या विजेत्या संघाचा कर्णधार मॅट बोडी कॉलेजात आला तो २०१० मध्ये, लीमन असताना. युनियनच्या जेतेपदानंतर पुढच्याच वर्षी लीमन यांच्या प्रॉव्हिडन्सने बोस्टन विद्यापीठाला ४-३ असे नमवून तोच चषक नेला. सिंह गेला, पण गड राहिला. आणि सिंहाने दुसरा गडही घेतला.

सगळेच लगेच जातात असे नाही. जेरी यॉर्क यांनी बोलिंग ग्रीनला १९८४ चे जेतेपद मिळवून दिले आणि दहा वर्षांनी ते कॉलेज सोडले, ते स्वतःच्या बोस्टन कॉलेजात परतण्यासाठी. तिथे चार जेतेपदे जिंकून २०२२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १,१२३ विजय होते. रँड पेकनोल्ड १९९४ मध्ये क्विनिपियॅकला आले तेव्हा संघ दुसऱ्या विभागात होता आणि सराव मध्यरात्री होई, कारण रिंक त्याच वेळी मोकळे मिळे. त्यांनी शाळा बदलली नाही, शाळाच वाढवली. २०२३ मध्ये त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला गोल करून मिनेसोटाला हरवले.

डेन्व्हरच्या डेव्हिड कार्ल यांची गोष्ट निराळी आहे. २००८ मध्ये, अठराव्या वर्षी, वैद्यकीय तपासणीत त्यांच्या हृदयाचा विकार उघड झाला आणि खेळ थांबला. डेन्व्हरने त्यांची शिष्यवृत्ती मागे घेतली नाही. विद्यार्थी-सहायक म्हणून संघात ठेवले. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी २०२२ आणि २०२४ मध्ये जेतेपदे मिळवली. २०२५ च्या वसंतात शिकागो ब्लॅकहॉक्स या एनएचएल संघाच्या प्रशिक्षकपदासाठी त्यांचे नाव घेतले जात होते. त्यांनी ते मागे घेऊन डेन्व्हरचा करार वाढवला. उपकाराची परतफेड म्हणून हे घडले, असे ठामपणे सांगता येणार नाही. पण अशा माणसाला निव्वळ आकड्यावर हलवणे सोपे नाही, एवढे खरे.

अलीकडच्या नियमांनी लहान कॉलेजांची चिंता वाढवली आहे. २०२१ पासून खेळाडू वर्षभर बाहेर न बसता दुसऱ्या कॉलेजकडून खेळू शकतो. प्रशिक्षक गेला की अर्धा संघ त्याच्यामागे निघण्याची भीती त्यामुळे खरी झाली. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमधील खेळाडूंनाही अमेरिकी कॉलेजांचे दार उघडले आहे. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटता येते. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार हे उघड आहे, पण हॉकीच्या ताटात पडणारी उरलीसुरली भाकरीही मोठ्या विद्यापीठांत मोठीच असते. मँकेटोसारख्या ठिकाणचा यशस्वी प्रशिक्षक यापुढे अधिक लवकर हलेल, असाच याचा अर्थ निघतो.

तरीही मँकेटो बुडाले नाही. हेस्टिंग्ज गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, ते लीग जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत उतरले आणि पुढे विजेते ठरलेल्या वेस्टर्न मिशिगनने त्यांना दोन जादा सत्रांनंतर एकाच गोलने हरवले. म्हणून लहान कॉलेजच्या क्रीडा संचालकाने जाणाऱ्याच्या करारातल्या अटी घट्ट करण्यात वेळ घालवू नये. सहायकांचे मानधन वाढवावे, त्यांच्यापैकी उद्या कोण खुर्चीत बसेल हे आजच ठरवावे आणि खेळाडूंना तो माणूस ओळखीचा होऊ द्यावा. २०१७ चे जेतेपद मिळवून देणारे जिम माँटगोमरी पुढच्याच वर्षी मे महिन्यात एनएचएलच्या डॅलस स्टार्सकडे गेले, तेव्हा डेन्व्हरने महिना उलटायच्या आत त्यांच्या जागी त्यांच्याच सहायकाला नेमले. तो सहायक म्हणजे कार्ल. त्यांचे वय तेव्हा २८ होते.