सुखी कुणाला म्हणता?

बांधावर उभा राहून पाहुणा म्हणतो, ‘दादा, तुम्हीच खरे सुखी. आता जरा स्वतःसाठी जगा.’ अहो, पहाटे धार, संध्याकाळी धार. गाईला रविवार कुठला? मृगाच्या पावसानं वाफसा आला की पेरणी, आणि वारीही त्याच दिवसांत निघते. ४० वर्षं माझी पायी पंढरी राहून गेलीय. समाधान नाही असं नाही. ओळीत उगवलेली बाजरी बघून पोट भरतंच. पण दुधाला भाव मागितला की हीच मंडळी आम्हाला समाधान शिकवतात, तिथं माझं भांडण. खरं तर मीही त्यातलाच. धार काढते बायको, सुखी म्हणवून घेतो मी. परवा तिला म्हटलं, ‘जा माहेरी चार दिवस.’ तर म्हणाली, ‘गाय तुमच्यापाशी पान्हा सोडंल का?’